चेहऱ्यासाठी घेतलेला कॅमेरा

मी मेहकरला एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. त्या वेळीही होतो. फोटो मोबाइलवर काढायचो. बाजार समितीची सभा, रस्त्यावरचा अपघात, तहसील कार्यालयात निवेदन देणारे लोक. निवेदनाच्या फोटोची आमच्याकडे पद्धत ठरलेली आहे. आठ-दहा माणसं, मध्ये एक कागद, कागदाच्या एका टोकाला अधिकाऱ्याचा हात, आणि कागद सोडून सगळ्यांची नजर समोर. दिवसा उजेडात मोबाइल हे काम करतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फोटो मात्र डेस्कवरून परत यायचे. निरोप एकच असायचा: चेहरे ओळखू येत नाहीत.

डीएसएलआर घ्यायचा हे तेव्हापासून ठरलेलं होतं. दर दिवाळीला किमती बघायच्या, दोन-तीन मॉडेलांची तुलना करायची आणि सोडून द्यायचं, असं काही वर्षं चाललं. घरात कोणी त्याबद्दल विचारत नव्हतं.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. कालव्यावर चौकीदार. पाणी सुटलं की कोणाच्या शेताला केव्हा आणि किती वेळ, हे बघण्याचं काम. कालव्याच्या कडेच्या सगळ्या गावांत त्यांना नावाने ओळखणारी माणसं होती. तंबाखू-चुना नोकरीच्या आधीपासूनचा. डाव्या गालात आतून जखम झाली तेव्हा दात लागतो म्हणून ते दोन महिने टाळत राहिले. मग घास चावता येईना. छत्रपती संभाजीनगरला नेलं. गालातला तुकडा तपासणीला गेला आणि जे यायचं ते उत्तर आलं.

डॉक्टरांनी आईला समजावं म्हणून स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं. कानाच्या खालून हनुवटीच्या मध्यापर्यंत. एवढं हाड काढावं लागेल, म्हणाले. छातीवरची कातडी आणि मांस घेऊन गाल भरून काढू. खर्च सरकारी योजनेत बसत होता. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, की तोंड वाकडं होईल का. डॉक्टर म्हणाले, होईल.

परतीच्या बसमध्ये जालना सोडल्यावर वडील खिडकीकडे बघत म्हणाले, "तुह्या कॅमेऱ्याचं काय झालं बे?"

"पाहू नंतर."

"नंतर कवा? थोबाड गेल्यावर?"

"आवो, काय बोलता," आई म्हणाली.

"मी कॅमेऱ्याचं इचारून राह्यलो. तूच रडून राह्यली."

त्या प्रश्नाचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता. आमच्या समोरच्या खोलीत आजोबांचा फोटो आहे. त्यांचा हयातीतला फोटो एकच होता, मतदार ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेला. ते गेल्यावर मेहकरच्या स्टुडिओवाल्याने तो चेहरा कापला, डोळे उघडले, मागे निळा रंग भरला आणि खाली कोट-टाय असलेलं धड जोडलं. आमच्या भागात हे सर्रास चालतं. एखाद्या गावात पाच घरं फिरलं तर पाच वेगळी डोकी एकाच कोटात दिसतात. निधनवार्तांसोबत असे फोटो मीही कितीतरी पाठवले आहेत. डेस्कला त्यात काही वावगं वाटत नाही. वडिलांना वाटायचं. पाहुणा आला आणि त्याची नजर भिंतीवर गेली की ते म्हणायचे, "माह्या बापानं जल्मभर बंडी घातली. कोट मेल्यावर भेटला. ह्या साहेबाले म्या कधी पाह्यलं नाही."

वडिलांचे स्वतःचे फोटो किती, तर खात्याचं ओळखपत्र, आधार कार्ड आणि बहिणीच्या लग्नातल्या एका घोळक्यात मागच्या रांगेतला अर्धा चेहरा. ऑपरेशनच्या आधी माझा नीट फोटो काढा, असं ते कधीच म्हणाले नाहीत. आमच्यापैकीही कोणी ते शब्द उच्चारले नाहीत. कॅमेरा माझ्या कामासाठी घ्यायचा, असंच घरात बोललं जात राहिलं. फक्त तो तीन आठवड्यांच्या आत यायला हवा होता.

मी स्टुडिओवाल्याकडे गेलो. आजोबांना कोट घालणारा तोच. लग्नाच्या सीझनमध्ये दोन कॅमेरे गळ्यात घालून फिरणारा माणूस. त्याने आधी बजेट विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "एवढ्यात दोनच रस्ते आहेत. नवा कॅमेरा घेतला तर त्याच्यासोबतची किट लेन्स येईल. झूम होते. सभा, मोर्चा, सगळं चालून जाते. नाहीतर जुनी बॉडी घे अन् उरलेल्या पैशात फिक्स लेन्स. तिले झूम नाही. पण कमी उजेडात काम करते, अन् चेहरा असा येते की माणूस समोर बसला आहे."

"फरक एवढा असतो?"

"चेहऱ्यात असते. पण फिक्सचं एक आहे. तिच्यानं दुरून काही होत नाही. माणसाच्या पुढं चार हातांवर जाऊन उभं राहा लागते. त्याले समजते की फोटो निघून राह्यला."

जुना घेताना शटरची किती वेळा उघडझाप झाली ते बघायचं, असंही त्याने सांगितलं. मोटारसायकलचे किलोमीटर बघतात तसं. लग्नात वापरलेला कॅमेरा दिसायला चकचकीत असतो आणि आतून थकलेला. ऑनलाइन मागवला तर वेळेत येईल याची खात्री नव्हती. मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर नवे-जुने दोन्ही ठेवणारं एक दुकान होतं, ते त्यानेच सुचवलं.

वडील म्हणाले, मी येतो. आई नको म्हणत होती. ते म्हणाले, "जुना माल घ्याचा तं घरचं मोठं माणूस सोबत पायजे. हा फक्त बाताच लिहिते."

सकाळच्या एसटीने निघालो. बुलडाण्याच्या स्टँडवर त्यांनी चहा बशीत ओतला आणि पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवला. गरम लागत नव्हतं आता. तंबाखू डॉक्टरांनी बंद केली होती, पण बोलता बोलता हात खिशाकडे जायचा आणि तिथून रिकामा परत यायचा. राजूर घाट उतरताना ते डोळे मिटून होते. झोप लागली असं मला वाटलं. घाट संपल्यावर म्हणाले, ह्या घाटात पहिल्यांदा आलो तेव्हा लग्न ठरवायला आलो होतो. तुझ्या आईशी नाही, त्याआधी एका पोरीशी. तिनं नाही म्हटलं. ही गोष्ट मी तोवर ऐकलेली नव्हती.

दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक नवा, किट लेन्ससकट. दुसरा जुना, कोपऱ्यातला रंग उडालेला, त्याला फिक्स लेन्स. शटरचा आकडा त्याने संगणकावर काढून दाखवला. फार नव्हता. वडिलांनी जुना कॅमेरा हातात घेऊन त्याचं वजन बघितलं, मग कानाजवळ नेला आणि मला बटण दाबायला लावलं. पाण्याची मोटर विकत घेताना माणसं ऐकतात तसं त्यांनी तीन-चार वेळा ऐकलं.

"याच्यात दूरचा माणूस दिसते?"

"नाही काका, याच्यात जवळचा," दुकानदार म्हणाला.

"अन् त्याच्यात?"

"त्याच्यात दूरचा पण, जवळचा पण."

"मंग दोन्ही दिसते ते सोडून एकवालं कोण घेते?"

दुकानदार हसला. "चेहऱ्यासाठी घेतात काका. चेहऱ्यासाठी याच्यासारखी लेन्स नाही."

वडिलांनी कॅमेरा काचेवर ठेवला.  मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "चेहरा एका दिवसाचं काम आहे. बातम्या तुह्या रोजच्या आहेत. झूमवाला घे."

मी जुना घेऊ म्हणालो.

"ऐकत जाय लेका कधी."

"बाबा, डेस्कवरून रोज सांगतात, चेहरे ओळखू येत नाहीत. याच्यात येतील."

ते खरंही होतं आणि त्याआड बाकीचं झाकलंही जात होतं. वडिलांना दोन्ही कळलं असणार. "घे मंग," ते म्हणाले. "तुह्या साहेबाले चेहरे दाखव." दुकानदाराने चाचणीसाठी त्यांचाच फोटो घ्या म्हटलं तेव्हा ते बाजूला सरकले. "माहा नको. त्या भिंतीचा काढ. भिंत हालत नाही."

घरी फोटो काढायला चार-पाच दिवस गेले. कधी आभाळ असायचं, कधी त्यांचा गाल ठणकायचा. ऑपरेशनला निघायच्या दोन दिवस आधी सकाळी उजेड चांगला होता. आईने त्यांच्या डोक्याला तेल लावलं, पांढरा सदरा काढून दिला. ते ओट्यावर दाराच्या बाजूला उभे राहिले, हात मांडीला चिकटवून, हनुवटी वर, श्वास रोखून. फोटो म्हणजे ओळखपत्र, एवढंच त्यांना माहीत होतं. मी सात-आठ फोटो काढले. सगळ्यांत एक निवृत्त सरकारी कर्मचारी दिसत होता.

"आवो, जरा बरे उभे राहा," आई म्हणाली.

"किती बरा उभा राहू? मले का पोरगी पाहाले आली?"

आणि ते स्वतःच हसले. मोठ्याने, तोंड उघडून. त्या वेळी बटण दाबलं गेलं.

पडद्यावर मी तो फोटो मोठा करून बघितला. लेन्सबद्दल सांगितलं होतं त्यात काही खोटं नव्हतं. मागचं दार विरघळून गेलं होतं. पांढऱ्या दाढीचा एकेक खुंट मोजता आला असता. खालच्या दातांची सगळी ओळ, तंबाखूने काळवंडलेली. दोन्ही गाल सारखे. आतली जखम कुठेच दिसत नव्हती.

आईने वाकून बघितलं. "हसणारा नको. भिंतीवर लावाच्या फोटोत कोणी दात काढते का?"

ती बोलून गेली. भिंत हा शब्द तोवर घरात कोणी काढला नव्हता. आई कॅमेऱ्यावरून मान वर करेना. वडील ओट्यावर बसले, सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि म्हणाले, "राहू दे. हाच ठेव."

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं होतं तेवढं हाड काढलं. नाकातली नळी सव्वा महिन्याने निघाली. त्यानंतर आंबील, पातळ वरण, कुस्करून गाळलेला भात. तोंड एका बोटापुरतं उघडायचं. चेहरा डावीकडे आत ओढला गेला होता आणि गालाच्या जागी छातीची जाड, वेगळ्या रंगाची कातडी होती. बोलणं फक्त आईला कळायचं. पाहुणे आले की ते बोलायचे आणि आई सांगायची. हळूहळू पाहुणे त्यांच्याकडे न बघता आईकडेच बघून प्रश्न विचारू लागले. मग ते समोरच्या खोलीत बसेनासे झाले.

तोंडावर सतत एक पांढरा रुमाल धरलेला असायचा. जेवण आतल्या खोलीत, दार लोटून, फक्त आईसमोर. त्यांनी एकदा तो फोटो बघायला मागितला. मी कॅमेरा दिला. बराच वेळ बघितला, मग बटणं कुठे असतात ते माहीत नसल्याने तसाच परत केला. काय म्हणाले ते मला कळलं नाही. आई म्हणाली, "बंद कर म्हणतात."

कॅमेरा कामाला लागला होता. झूम नसल्याने मला सगळीकडे जवळ जावं लागायचं. सभेत स्टेजच्या पायरीपर्यंत, अपघातात दोरीच्या आत. डेस्कवरून फोटो परत येणं थांबलं. घरात मात्र तो चालत नव्हता. वडिलांचा आताचा फोटो घ्यावा असं दोन-तीनदा वाटलं. घेण्यासाठी त्यांच्या पुढ्यात चार हातांवर उभं राहावं लागणार होतं. अंगणापलीकडून, त्यांना न कळता, या लेन्सने काही येत नव्हतं. एकदा मी कॅमेरा नुसता पुसत होतो. त्यांनी रुमाल डोळ्यांपर्यंत वर नेला. आईने त्यांचं बोलणं सांगितलं: एकदा काढला ना.

मग करोना आला. सगळ्या गावाने तोंड झाकलं. वडिलांनी मास्क लावला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटे बाजारात गेले. आई दारात उभी राहून वाट बघत होती. ते आले ते कालव्याकडच्या एका गावातली माणसं भेटल्याचं सांगत. त्यांचं बोलणं त्या माणसांना कळलं नसेल, पण मास्कमधून त्या दिवसांत कोणाचंच धड कळत नव्हतं, त्यामुळे कोणी दोनदा विचारलं नाही. येताना ते भरताची वांगी घेऊन आले होते. भरीत त्यांना खाता येत नव्हतं. आईने केलं आणि आम्ही खाल्लं. बाजार भरेल तेव्हा ते जात राहिले. पोलीस मास्क नसलेल्यांना अडवायचे त्याचे फोटो मी काढत होतो, आणि घरी एक माणूस त्या मास्कवर खूश होता.

बहीण लोणारला असते. तिची मुलगी त्याच सुमाराला झाली आणि पुढे बरेच दिवस आमच्याकडेच वाढली. ती त्यांना आबा म्हणायची. घरात तिच्याइतकं त्यांच्याजवळ कोणी बसत नव्हतं. तिला त्यांचं बोलणं कळायचं की नाही माहीत नाही, पण ती उत्तर द्यायची. लोकांनी मास्क काढले तरी वडिलांनी काढला नाही. बाजारात तो एकट्याच्याच तोंडावर दिसू लागल्यावर त्यांचं तिकडे जाणं बंद झालं. मुलीपुढे तो कायम असायचा. तिने त्यांचे डोळे आणि कपाळ एवढंच बघितलेलं होतं.

आजार मानेत परत आला. या वेळी डॉक्टरांनी कुठेच बोट फिरवून दाखवलं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी घरीच वडील वारले.

निधनवार्ता मीच लिहिली, इतरांच्या लिहितो तेवढ्याच ओळींत. डेस्कवरून फोटो मागितला. मी तो पाठवला. तिकडून विचारणा आली, "हसतानाचा आहे, चालेल का?" मी चालेल म्हणून कळवलं. मोठा करून घ्यायला स्टुडिओत गेलो तेव्हा स्टुडिओवाल्याने फोटो पडद्यावर मोठा केला. मग म्हणाला, "दात पांढरे करू का?" मी नको म्हणालो. "कोणत्या लेन्सचा?" त्याने विचारलं. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली.

तेरवीला मांडवात खुर्चीवर तो फोटो ठेवला होता. हार खाली घसरून हनुवटीवर आला होता. आईने तो दोन्ही बाजूंनी वर ओढून फ्रेमच्या मागे अडकवला, पूर्ण चेहरा मोकळा राहील असा. कालव्याकडची माणसं टेम्पो करून आली होती. एकेक जण फोटोसमोर थांबत होता. ऑपरेशननंतर त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्यांना बघितलं होतं. "असाच हासे," एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, पाण्याच्या पाळीवरून भांडण लागलं तरी असाच हासे, मग पुढं भांडताच येत नव्हतं.

बहिणीची मुलगी चार वर्षांची झाली होती. ती खुर्च्यांमधून फिरून आली आणि आईच्या पदराला धरून म्हणाली, "आबा कुठी आहे?"

"हे काय आबा," बहिणीने फोटोकडे बोट केलं.

मुलीने बघितलं. "हे आबा नाही."

"आबाच आहेत बाई. बरं नव्हतं त्याच्या आधीचे."

"नाही. हे दुसरे बाबा आहेत."

बहीण पुन्हा सांगू लागली. मुलगी चिडली, आवाज चढला, जवळची माणसं वळून बघायला लागली. एकाने तिला जिलेबी देऊ केली. तिने ती घेतली नाही. आतल्या खोलीत जाऊन ती आबांच्या खाटेपर्यंत बघून आली आणि पुन्हा तेच विचारलं.

आई वाढपाचं बघत होती. तिने हातातलं पातेलं दुसऱ्या बाईकडे दिलं, हात पदराला पुसले आणि मुलीला कडेवर घेऊन खुर्चीसमोर आली. फोटोच्या काचेवर तिने आपला तळवा आडवा ठेवला. नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलं गेलं. वर डोळे आणि कपाळ राहिलं.

"आता पाह्य," ती म्हणाली.

मुलगी थोडी पुढे झुकली.

"आबा," ती म्हणाली.

मांडवात पहिली पंगत बसली होती आणि वाढपी आईला हाका मारत होते. आईने मागे न बघता त्यांना थांबायला सांगितलं. तिचा हात काचेवर तसाच होता.